ऑस्ट्रियाच्या दोन सनदा

मध्ययुगीन जर्मनीच्या इतिहासावरील लहानमोठ्या पुस्तकांत एक विधान हटकून आढळतें. बादशहा फ्रेडरिक बार्बारोसा यानें इ. स. ११५६ मध्यें ऑस्ट्रियाचा सीमाप्रांत बव्हेरियापासून तोडून त्याचें निराळें ड्यूकपद निर्माण केलें, तें वंशपरंपरागत ठरविलें, आणि पुत्राच्या अभावीं कन्येसही तें मिळावें अशी सनद करून दिली, असें तें विधान होय. विद्यार्थी तें पाठ करितात व परीक्षक त्यास गुण देतात. विधान सर्वस्वी खोटें नाहीं. परंतु हातोहात फिरून तें इतकें गुळगुळीत झालें आहे कीं, मूळ नाण्यावरील अक्षरें त्यावर आतां दिसत नाहींत. ज्या कागदावरून तें काढिलें त्यांत ‘पुत्राच्या अभावीं’ हे शब्द नाहींत; ‘वंशपरंपरागत’ हा शब्द आपण ज्या अर्थानें वापरतों त्या अर्थानें तो तेथें आहे असें मानण्यास आधार अपुरा आहे; आणि नव्वद वर्षांनीं वारसाचा प्रश्न जेव्हां खरोखरच उभा राहिला, तेव्हां त्या कागदानें तो सुटला नाहीं. या तीन गोष्टी दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. त्याच कागदावर पुढें एक बनावट सनद रचली गेली, तिचाही विचार त्याबरोबरच केला पाहिजे. कारण आमच्या मतें खऱ्या सनदेचा सर्वांत बारकाईचा वाचक जर कोणी झाला असेल तर तो तिचा बनावटकार होय.

त्रैमासिकाच्या वाचकांस परदेशच्या सनदेची ही चर्चा अप्रस्तुत वाटूं नये. इनामें व वतनें यांचे कागद तपासण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांस खरा कागद, खऱ्यावर रचलेला खोटा कागद, आणि खोट्यास मिळालेली खरी मंजुरी हीं तिन्ही नित्याच्या परिचयाचीं आहेत. ऑस्ट्रियाच्या प्रकरणांत तीं तिन्ही एका जागीं सांपडतात, हेंच त्याचें आकर्षण.

प्रथम वादाचें मूळ पाहूं. बादशहा लोथार तिसरा हा इ. स. ११३७ च्या डिसेंबरांत वारला. त्याचा जांवई गर्विष्ठ हेन्री हा वेल्फ घराण्यांतील पुरुष बव्हेरिया व सॅक्सनी या दोन्ही प्रांतांचा ड्यूक होता, व राजचिन्हें त्याच्याच ताब्यांत असल्यामुळें मुकुटही आपल्याच मस्तकीं येणार असें तो धरून चालला होता. परंतु निवडणूक झाली ती होहेनस्टाउफेन घराण्यांतील कॉनराड तिसरा याची. एका पुरुषानें दोन ड्यूकपदें धारण करूं नयेत असें म्हणून कॉनराडनें हेन्रीचीं दोन्हीही काढून घेतलीं, आणि बव्हेरिया आपला सावत्र भाऊ, ऑस्ट्रियाचा बाबेनबेर्ग सरदार लेओपोल्ड, यास दिला. इ. स. ११३९ मध्यें गर्विष्ठ हेन्री मरण पावला तेव्हां त्याचा मुलगा, जो पुढें हेन्री सिंह म्हणून प्रसिद्धीस आला, तो दहा वर्षांच्या आसपासचा होता. लेओपोल्डही ११४१ त वारला व त्याचा भाऊ हेन्री यासोमिरगॉट पुढें आला. ११४२ त तडजोड झाली ती अशी: मुलानें सॅक्सनी घ्यावा, बव्हेरियावरील हक्क सोडावा, आणि त्याच्या विधवा आईनें यासोमिरगॉटशीं लग्न करावें. ती बाई गेर्ट्रूड पुढील वर्षींच बाळंतपणांत वारली. तिच्याबरोबर तडजोडीचा जीवही गेला. मुलगा वयांत आल्यावर ११४७ मध्यें त्यानें बव्हेरिया परत मागितला. लहानपणीं आपल्याकडून सोडविलेला हक्क आपणांस बंधनकारक नाहीं असें त्याचें म्हणणें. म्हणजे हा वाद एका सावत्र बापाचा व सावत्र मुलाचा होता.

आणि न्यायाधीश कोण? इ. स. ११५२ मध्यें गादीवर आलेला फ्रेडरिक बार्बारोसा. याचा बाप व यासोमिरगॉट हे एका आईचे मुलगे, म्हणून यासोमिरगॉट हा त्याचा चुलता. आणि याची आई ही गर्विष्ठ हेन्रीची बहीण, म्हणून हेन्री सिंह हा त्याचा मामेभाऊ. चुलत्याकडून घ्यावें तर आजोळ संतुष्ट होतें, मामेभावास नाकारावें तर आजोळ शत्रु होतें. ११५४ त गॉसलार येथें दरबारानें बव्हेरिया हेन्री सिंहाचा असा निवाडा केला. यासोमिरगॉटनें निवाड्यापूर्वींच्या बोलावण्यांस दाद दिली नव्हती, निवाड्यासही दिली नाहीं. म्हणून दोन वर्षें खटपट करून चुलत्याचा मान राहील असा मार्ग काढावा लागला, व तोच ११५६ चा रेगेन्सबर्ग येथील समारंभ. वारसाचें तत्त्व ठरविण्यासाठीं ही सनद जन्मली नाहीं. एका मानी म्हाताऱ्याच्या हातून मोठा प्रांत सोडवून घ्यावयाचा होता, त्याची ती किंमत होती. हें विसरून जो ती वाचील तो तिजमध्यें जें नाहीं तें पाहील.

समारंभाचें वर्णन फ्रायसिंगचा बिशप ओटो यानें आपल्या बार्बारोसाच्या चरित्रांत केलें आहे. तें सर्वत्र उद्धृत होतें, आणि तें उद्धृत करण्याजोगेंही आहे. थोरला हेन्री शहरापासून दोन जर्मन मैलांवर तंबू ठोकून राहिला होता. तेथें बादशहा व सरदार गेले. थोरल्यानें सात निशाणें बादशहाच्या हातीं देऊन बव्हेरिया सोडला. बादशहानें तीं धाकट्यास दिलीं. धाकट्यानें त्यांतील दोन परत दिलीं, त्यांबरोबर पूर्वेकडील सीमाप्रांत व त्यास जुन्या काळापासून जोडलेले परगणे दिले. आणि बादशहानें त्या सर्वांचें ड्यूकपद बनवून दोन निशाणांसह तें थोरल्यास व त्याच्या पत्नीस दिलें. ओटो या परगण्यांस लोक तीन म्हणतात असें लिहितो. हे तीन परगणे कोणते याविषयीं जर्मन व ऑस्ट्रियन पंडितांनीं जो शाईचा पूर वाहविला आहे त्यांत आम्ही उतरणार नाहीं. ग्रंथकार स्वतः ‘लोक म्हणतात’ असें म्हणून अंग काढून घेतो, तेथें त्याच्याहून अधिक खात्री आपण बाळगावी हें आम्हांस शास्त्रीय वाटत नाहीं.

परंतु ओटो हा साक्षीदार कसा आहे? तो यासोमिरगॉटचा सख्खा भाऊ, कॉनराड राजाचा सावत्र भाऊ, बार्बारोसाचा चुलता. आणि त्याची धर्मपीठाची गादी मात्र बव्हेरियांत, म्हणजे या समारंभानंतर हेन्री सिंहाच्या शेजारीं. तो शेजार कसा होता हें दोन वर्षांत दिसून आलें. हेन्री सिंहानें फ्रायसिंगच्या बिशपाचा फेरिंग येथील पूल मोडून मिठाच्या व्यापाराचा रस्ता आपल्या म्युनिक गांवावरून वळविला, व ११५८ च्या जूनमध्यें बादशहानें उत्पन्नाचा तिसरा हिस्सा बिशपास तोडून देऊन तो वाद मिटविला. त्याच वर्षीं सप्टेंबरांत ओटो वारला. अशा माणसानें लिहिलेल्या वर्णनांत कोणाचीही निंदा नाहीं, कोणाचाही पराजय नाहीं, सात निशाणें इकडून तिकडे फिरतात व शांतता नांदूं लागते. खोटें तो कांहींच सांगत नाहीं. पण सनदेंतील जीं कलमें पुढें रक्तपातास कारण झालीं, कन्येचा वारसा व निपुत्रिकानें वारस नेमणें, त्यांविषयीं तो अक्षरही लिहीत नाहीं. ही गप्प बसण्याची गोष्ट पाहून कित्येक संशोधकांनीं तीं कलमें मागाहून घुसडलेलीं असावीं असा तर्क केला. आतां बहुतेक पंडित सनद संपूर्ण खरी मानतात, आणि आम्हांसही तेंच योग्य वाटतें. ओटोचें मौन भावाच्या घरच्या व्यवहाराविषयीं भावानें पाळलेलें मौन आहे. पुरावा म्हणून त्याचें वजन फार नाहीं.

आतां सनद. तिची तारीख १७ सप्टेंबर ११५६. मूळ प्रत आज नाहीं. तेराव्या शतकापासूनच्या नकलांवरून तिचा पाठ सिद्ध झाला आहे. मूळ कां नाहीं तें पुढें येईल. पंडितांनीं पुढील बनावट सनदेहून वेगळी ओळखावी म्हणून तीस ‘प्रिव्हिलेगियम मायनस’, म्हणजे लहान सनद, हें नांव दिलें. तींतील वारसाविषयक भाग दोन वाक्यांचा आहे. पहिल्याचा आशय असा: ड्यूक हेन्री, त्याची पत्नी थिओडोरा आणि त्यांच्यामागून त्यांचीं अपत्यें, मग ते पुत्र असोत कीं कन्या, भेद न करितां, ऑस्ट्रियाचें ड्यूकपद साम्राज्याकडून वारसाहक्कानें धारण करतील. दुसऱ्याचा आशय असा: वर सांगितलेला ड्यूक व त्याची पत्नी हीं अपत्याविना मरण पावल्यास, तें पद आपण इच्छूं त्यास मिळावें अशी योजना करण्याची त्यांस मोकळीक राहील. यापुढें इतर सवलती आहेत: ड्यूकाच्या संमतीवांचून त्याच्या प्रांतांत कोणीं न्याय चालवूं नये, बव्हेरियांत भरणाऱ्या दरबारासच तेवढें त्यानें बोलावण्यावरून यावें, आणि ऑस्ट्रियाला लागून असलेल्या प्रदेशांतील स्वारीशिवाय अन्य स्वारीचा भार त्याजवर नसावा.

आम्हांस ज्या शास्त्रांत शिक्षण मिळालें त्यांत वाक्याचा अर्थ लावतांना उद्देश्य कोण हें प्रथम पाहतात. दुसऱ्या वाक्याचें उद्देश्य निःसंदिग्ध आहे: ‘वर सांगितलेला ड्यूक व त्याची पत्नी’. ऑस्ट्रियाचा कोणताही ड्यूक नव्हे, त्याचे वंशज नव्हेत. तीं दोन माणसें. सामान्य नियम, म्हणजे उत्सर्ग, असा कीं, निपुत्रिक ड्यूक मेल्यास त्याचें पद साम्राज्याकडे परत जावें. त्या उत्सर्गाला ही मोकळीक अपवाद आहे, आणि अपवाद ज्यांच्या नांवें सांगितला त्यांच्यापुढें तो ओढून नेतां येत नाहीं. पहिल्या वाक्याचें उद्देश्य थोडें विस्तृत आहे, ‘तीं व त्यांच्यामागून त्यांचीं अपत्यें’. येथें लेखकानें दाखविलेली सावधगिरी लक्षांत घेण्याजोगी आहे. पाणिनीच्या व्याकरणांत पुत्र व दुहिता यांचा एकशेष होऊन ‘पुत्रौ’ एवढेंच रूप उरतें, व कन्या त्यांत आहे कीं नाहीं हें संदर्भावरून ओळखावें लागतें. सनदेच्या लेखकानें हें ओळखण्याचें काम वाचकावर सोडलें नाहीं. पुत्र व कन्या दोन्ही शब्द घालून वर ‘भेद न करितां’ असेंही लिहिलें. परंतु दोघेही असतील तेव्हां आधीं कोण, अनेक पुत्र असतील तर सर्वांस कीं ज्येष्ठास, आणि अपत्याच्या अपत्याचें काय, याविषयीं तो मुका आहे.

असें कां झालें याचें उत्तर त्या घरांतच आहे. ११५६ च्या सप्टेंबरांत यासोमिरगॉट व थिओडोरा यांस पुत्र नव्हता. आग्नेस नांवाची लहान मुलगी होती, जी पुढें हंगेरीची राणी झाली. ज्येष्ठ पुत्र लेओपोल्ड जन्मला तो ११५७ मध्यें. ड्यूकाचें वय त्या वेळीं चाळिशीच्या पुढें होतें. थिओडोरा ही कॉन्स्टँटिनोपलचा बादशहा मॅन्युएल कोम्नेनस याची पुतणी, व तिचें नांव नवऱ्याच्या बरोबरीनें सनदेंत येतें हेंही तिच्या माहेरच्या वजनाचें द्योतक आहे. म्हणजे एक उतारवयाचा बाप, एक मुलगी, आणि पुत्र न झाला तर बव्हेरियाप्रमाणें ऑस्ट्रियाही जाईल ही धास्ती, एवढ्यासाठीं तीं दोन वाक्यें लिहिलीं गेलीं. वर्षभरांत पुत्र झाला आणि त्यांचें काम संपलें.

पुढें चार पिढ्या बापामागून मुलगा किंवा भावामागून भाऊ येत राहिला, म्हणून सनदेचें बळ अजमावण्याचा प्रसंग आला नाहीं. उलट याच घराण्याला मृत्युपत्रानें प्रांत कसा मिळतो याचा एक उत्तम अनुभव आला. शेजारच्या स्टायरियाचा ड्यूक ओटाकार चौथा हा निपुत्रिक व महारोगानें पीडित होता. त्यानें १७ ऑगस्ट ११८६ रोजीं एन्स येथें करार करून आपल्यामागें तो प्रांत लेओपोल्ड पांचव्यास ठरविला, व ११९२ त तो मेल्यावर त्याप्रमाणें घडलें. पण त्या करारांत स्टायरियाच्या सरदारांच्या हक्कांची जपणूक होती व बादशहाची अनुमति मिळाली होती. कागद यशस्वी झाला तो या दोन आधारांवर.

ऑस्ट्रियाची कसोटी १५ जून १२४६ रोजीं लागली. बाबेनबेर्गांतील शेवटचा ड्यूक फ्रेडरिक, ज्यास भांडखोर म्हणत, तो हंगेरीच्या राजाशीं लायथा नदीवर लढतांना पडला. त्यास मूल नव्हतें, व त्यानें वारस नेमिला नव्हता. मागें राहिलेल्यांत तीन शाखा होत्या. बहीण मार्गारेट, जी बादशहा फ्रेडरिक दुसरा याच्या मुलाची विधवा. भावाची मुलगी गेर्ट्रूड. आणि दुसरी बहीण कॉन्स्टान्स ही ११४३ नव्हे, १२४३ त, म्हणजे ड्यूकाच्या आधीं तीनच वर्षें, वारली असल्यामुळें तिचे मायसेन येथील मुलगे. गेर्ट्रूडच्या मागें आधीं बोहेमियाच्या राजाचा मुलगा व्लादिस्लाव आला, तो लग्नानंतर लवकरच मेला; मग १२४८ त बाडेनचा हेर्मान आला, व पोप इनोसंट चौथा यानें त्याची बाजू घेतली. बादशहाचें म्हणणें निराळेंच होतें: पद साम्राज्याकडे परत आलें आहे.

या ठिकाणीं बहुतेक ग्रंथकार एवढेंच लिहितात कीं, बायकांनीं ११५६ च्या सनदेवर भिस्त ठेविली, पण सनदेंत कन्येस हक्क आहे, बहिणीस किंवा पुतणीस नाहीं, म्हणून त्यांचा दावा लंगडा. आमच्या मतें हें वाचन उथळ आहे. बहीण कोणाची, पुतणी कोणाची? शेवटच्या धारकाची. परंतु सनदेंतील ‘त्यांचीं अपत्यें’ यांतील ‘त्यांचीं’ म्हणजे शेवटच्या धारकाचीं नव्हेत. हेन्री व थिओडोरा यांचीं होत. मार्गारेट ही त्या दोघांची पणती होती. अपत्य या शब्दानें सर्व वंशज घ्यावयाचे असतील, आणि चार पिढ्यांच्या वारसास दुसऱ्या कोणत्या आधारानें ‘सनदेप्रमाणें’ म्हणावयाचें, तर मार्गारेट बहीण म्हणून नव्हे तर मूळ ग्रहीत्यांची वंशज म्हणूनच वारस ठरते. पण त्याच न्यायानें गेर्ट्रूडही ठरते, आणि मायसेनचे मुलगेही ठरतात. व तिघांत पहिला कोण याविषयीं सनदेंत अवाक्षर नाहीं. उलट अपत्य म्हणजे केवळ पोटचीं मुलें असें धरलें, तर ११७७ त यासोमिरगॉट वारल्यावर त्याच्या मुलांपुरतें तें कलम चाललें व तेथेंच संपलें. मग बादशहाचें म्हणणें बरोबर. एका वाचनानें वारस तीन, दुसऱ्यानें एकही नाहीं. एकच वारस देणारें वाचन त्या शब्दांतून निघत नाहीं. दावा लंगडा नव्हता. सनद अपुरी होती.

येथें आपल्या शास्त्राची आठवण होणें साहजिक आहे. याज्ञवल्क्यानें निपुत्रिकाच्या धनाचा क्रम पत्नीपासून पुढें एकेक पायरी लावून दिला, विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत त्यावर चर्चा केली, आणि बहिणीचें स्थान कोणतें यावर नीळकंठाच्या व्यवहारमयूखानें आपला स्वतंत्र निर्णय दिला, जो मुंबई इलाख्यांत चालला. क्रम चुकीचा असेल, पण क्रम होता. जर्मनीकडे अशा प्रश्नाचा एक जुना निवाडा आहे, तो निराळ्या तऱ्हेचा. आजोबाच्या हयातींत बाप वारलेल्या नातवानें काकांबरोबर वांटा घ्यावा कीं नाहीं, हा प्रश्न इ. स. ९३८ मध्यें ओटो पहिला याच्यापुढें आला. पंचांनीं ठरवावें असा विचार निघाला. राजानें तो बाजूस सारून दोन्ही पक्षांचे योद्धे लढविले, व नातवांचा योद्धा जिंकला, म्हणून नातवांस वांटा मिळाला, असें विडुकिंड या सॅक्सन इतिहासकारानें लिहून ठेविलें आहे. आमचे स्मृतिकार नातवांस बापाच्या नात्यानें वांटा देतात. निकाल तोच, वाट मात्र कमी खर्चाची.

ऑस्ट्रियांतही अखेर तलवारीनेंच ठरलें. हेर्मान १२५० त वारला. पुढील वर्षीं बोहेमियाचा ओटोकार प्रांतांत शिरला, आणि ११ फेब्रुवारी १२५२ रोजीं हाइनबुर्ग येथें त्यानें मार्गारेटशीं लग्न लाविलें. वर विशींच्या सुमाराचा, वधू पन्नाशीच्या जवळ आलेली. लग्नानें हक्क येतो असें म्हणावें, तर १२६१ त त्यानें तिला सोडून दुसरी बायको केली तेव्हां हक्क जावयास पाहिजे होता; तो गेला नाहीं. दुसऱ्याच वर्षीं कॉर्नवॉलचा रिचर्ड, जो नांवाचा जर्मन राजा होता, त्याच्याकडून ओटोकारनें ऑस्ट्रिया व स्टायरिया यांचें पत्र मिळविलें. म्हणजे बायकोच्या सनदेची त्याला गरज होती तोंवर ती सनद, नंतर राजाची सनद. गेर्ट्रूड व हेर्मान यांचा मुलगा फ्रेडरिक याचें डोकें २९ ऑक्टोबर १२६८ रोजीं नेपल्स येथें होहेनस्टाउफेन वंशांतील शेवटच्या कॉनराडिनबरोबर उडविलें गेलें. १२७३ त निवडून आलेल्या हाब्सबुर्गच्या रुडोल्फनें साम्राज्याकडे परत आलेल्या प्रांतांची मागणी केली, १२७८ च्या ऑगस्टांत मार्शफेल्डवर ओटोकार पडला, आणि १२८२ च्या डिसेंबरांत रुडोल्फनें ऑस्ट्रिया आपल्या आल्बर्ट व रुडोल्फ या दोन मुलांस दिला. बादशहा फ्रेडरिकचा जो पक्ष होता, पद परत येतें हा, तोच शेवटीं खरा झाला. फक्त परत आलें तें एका नव्या घराण्याच्या घरांत.

नव्या घराण्यासही वारसाचा प्रश्न लगेच भोंवला. दोघां भावांस मिळून दिलेला प्रांत १२८३ त ऱ्हाइनफेल्डेनच्या करारानें एकट्या आल्बर्टकडे गेला, व धाकट्यास मोबदला द्यावा असें ठरलें. मोबदला मिळाला नाहीं. धाकटा १२९० त वारला. त्याच्या मुलानें, योहाननें, आपला हक्क मागत मागत १ मे १३०८ रोजीं चुलत्याचाच खून केला, आणि तो चुलता त्या वेळीं जर्मनीचा राजा होता.

ही पार्श्वभूमि ठेवून दुसऱ्या सनदेकडे वळावें. १३५६ त बादशहा चार्ल्स चौथा यानें सुवर्णमुद्रांकित शासन काढून राजा निवडणारे सात जण कायमचे ठरविले. त्यांत हाब्सबुर्ग नव्हते. दोन वर्षांनीं ऑस्ट्रियाच्या गादीवर आलेला रुडोल्फ चौथा हा याच चार्ल्सचा जांवई, वय पुरतें एकोणीसही नाहीं. १३५८ व १३५९ यांच्या दरम्यान त्याच्या कचेरींत पांच खोटे कागद तयार झाले. एक हेन्री चौथा याच्या नांवानें १०५८ चा, ज्यांत ज्यूलिअस सीझर व नीरो यांचीं पत्रें घातलीं होतीं. एक ११५६ चा, एक १२२८ चा, एक १२४५ चा, व एक १२८३ चा. ११५६ चा तो ‘प्रिव्हिलेगियम मायुस’, म्हणजे मोठी सनद. आर्चड्यूक हें पद याच कागदांतून निघालें.

या प्रकरणाची थट्टा करणें सोपें आहे, आणि ती प्रथम पेट्रार्कनें केली. चार्ल्सनें सीझरचीं पत्रें त्याच्याकडे पाठविलीं तेव्हां १३६१ त त्यानें उत्तर दिलें: सीझर आपल्या पत्रांतून स्वतःस एकवचनीं लिहीत असे, येथें ‘आम्ही’ म्हणतो, ज्या ऑगस्टस पदवीचा येथें उपयोग केला आहे ती त्याच्या वारसापासून सुरू झाली, आणि तारीख तर धड रोमन रीतीची नाहीं. (बहुवचनाचा हा आक्षेप आमच्या लेखणीसही लागू आहे, पण आम्ही सीझर असल्याचा दावा केलेला नाहीं.) पेट्रार्कची परीक्षा अचूक आहे. परंतु सीझर व नीरो यांच्या हास्यास्पद पत्रांमुळें ११५६ ची खोटी सनदही तितकीच गबाळी असावी असा समज पसरला, तो मात्र चुकीचा. ती सनद फार हुशारीनें केली आहे. लहान सनदेंत ‘वर सांगितलेला ड्यूक व त्याची पत्नी’ असें जेथें होतें, तेथें मोठींत ‘ऑस्ट्रियाचा ड्यूक’ असें सामान्य पद आलें. म्हणजे निपुत्रिकानें वारस नेमण्याची मोकळीक दोन व्यक्तींपासून सुटून पदास चिकटली. ‘भेद न करितां’ हे शब्द गेले व त्यांच्या जागीं क्रम आला: ड्यूकांत जो वडील त्याची सत्ता, त्यामागून त्याच्या ज्येष्ठ पुत्राची, पुत्र नसल्यास ज्येष्ठ कन्येची. आणि प्रांताची वांटणी कधींही होऊं नये असें स्वच्छ लिहिलें. १२४६ त काय नडलें, १३०८ त काय नडलें, हें ज्यास पक्कें ठाऊक आहे त्याच्याच हातचें हें काम आहे. लेखाच्या आरंभीं ज्या विधानाचा उल्लेख केला त्यांतील ‘पुत्राच्या अभावीं’ हे शब्द कोठून आले तें आतां वाचकांच्या लक्षांत येईल: खऱ्या सनदेचें म्हणून आपण जें पाठ करितों, त्याचा हा तुकडा बनावट सनदेंतला आहे.

हा कागद घरांतल्यांनीं तरी पाळला काय? रुडोल्फ १३६५ त पंचविसाव्या वर्षीं वारला. त्याचे दोन धाकटे भाऊ, आल्बर्ट व लेओपोल्ड, यांनीं २५ सप्टेंबर १३७९ रोजीं नॉयबेर्ग येथें करार करून प्रांत वांटून घेतले. ऑस्ट्रिया आल्बर्टकडे, स्टायरिया, कॅरिंथिया, कार्निओला व टायरोल लेओपोल्डकडे. वांटणी होऊं नये असें सांगणारा कागद पेटींत होता, आणि तो करून ठेवणाऱ्या भावाच्या मृत्यूस अवघीं चौदा वर्षें झालीं होतीं.

आपल्या निबंधकारांनीं राजशासनाच्या शुद्धतेस मुद्रा, क्रिया, भोग, चिन्ह व राजाचा स्वहस्त या सर्वांची परीक्षा सांगितली आहे. मोठ्या सनदेस ती लावून पाहावी. क्रिया अशुद्ध, कारण ११५६ त तसा व्यवहार झालाच नव्हता. भोग मात्र मागाहून लाभला: हाब्सबुर्ग वंशांतीलच फ्रेडरिक तिसरा हा जर्मनीचा राजा झाल्यावर त्यानें १४४२ त, व बादशहा झाल्यावर १४५३ त, या कागदांस मंजुरी दिली, आणि त्यानंतर चार शतकें ते कायद्यांत खरे म्हणून चालले. १८५२ त विल्हेल्म वाटेनबाख यानें त्यांची बनावट सिद्ध केली. राहिली मुद्रा; ती मात्र अस्सल आहे. रुडोल्फच्या लेखकांनीं बार्बारोसाच्या खऱ्या सनदेवरील सोन्याची मुद्रा काढून ती खोट्या सनदेस लाविली, आणि मुद्रेवांचून उरलेलें तें मूळ चर्मपत्र पुढें कोणाच्याही दृष्टीस पडलें नाहीं. यासोमिरगॉट व थिओडोरा यांस जें लिहून दिलें होतें तें आज आपण नकलांवरून वाचतों याचें कारण हेंच.